‘वी’ म्हणजे नेमकं कोण?

मोठी वहिनी कुणावर जळत असली की आमच्या घरातल्या चादरींना धार येते. दुसऱ्या बायका अशा वेळी भांडी आपटतात, नाहीतर उपाशी झोपतात. आमची वहिनी घड्या घालते. धुऊन, इस्त्री करून कपाटात नीट ठेवलेल्या चादरी ती बाहेर काढते, मोडते आणि पुन्हा घडी घालायला घेते. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, आणि शेवटी वरून तळहाताचा असा एक फटका, की हा आपल्यासाठी नव्हे हे चादरीलासुद्धा कळावं. धाकटी वहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली, तेव्हापासून आमच्या कपाटात एकही घडी वाकडी राहिलेली नाही.

घडी हा तसा वहिनीचा धंदाच. एका मोठ्या हॉटेलच्या लिनन रूममध्ये ती काम करते. लिनन रूम म्हणजे हॉटेलच्या पोटातली, तळघरातली खोली. खिडकी नाही. छताखालून गरम पाण्याचे पाइप गेलेले, त्यामुळे बारा महिने उकाडा. एका भिंतीला चादरी, दुसरीला उशांचे अभ्रे, तिसरीला तीन मापांचे टॉवेल आणि चौथीला खुंट्यांवर पाहुण्यांनी अंघोळीनंतर घालायचे पांढरे जाड बाथरोब, रजा नामंजूर झालेल्या माणसांसारखे खांदे पाडून लटकलेले. वरच्या मजल्यांवरच्या मळक्या चादरी पत्र्याच्या एका नळकांड्यातून घसरत येतात आणि कोपऱ्यात, धुण्याच्या मशिनांपाशी, धप्प करून पडतात. त्या चादरींवर झोपणारी माणसं वहिनीनं कधी पाहिलेली नाहीत.

धाकट्या वहिनीला तिथं तिनंच चिकटवलं. “घरात बसून भिंती किती मोजशील? चल माझ्याबरोबर,” असं म्हणून हाताला धरून नेलं. नंतर कैकदा मला म्हणाली, “भावजी, हा धोंडा मी माझ्या हातानं उचलून माझ्याच पायावर ठेवला बघा.”

भावजी म्हणजे मी. आम्ही तिघे भाऊ. मोठा दादा लिफ्ट दुरुस्त करतो, मधला दादा बस चालवतो आणि मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. माझं लग्न व्हायचंय. तोवर दोन्ही वहिन्यांच्या तक्रारी ठेवायला घरात तेवढी एकच जागा रिकामी आहे.

मोठ्या वहिनीची तक्रार एकच होती, आणि तिचं नाव समुद्र.

लग्नानंतर मधला दादा आणि धाकटी वहिनी समुद्रावर जाऊन आले होते. पुरते चार दिवससुद्धा नाहीत. पण धाकट्या वहिनीच्या तोंडून तो समुद्र काही ओसरला नाही. आमटीत मीठ जास्त झालं की, “आम्ही समुद्रावर गेलो होतो ना, तिथलं पाणी असंच होतं.” वारा सुटला की, “आम्ही समुद्रावर गेलो होतो ना, तेव्हा माझी ओढणी अशी उडाली!” नळाला पाणी आलं नाही तरी समुद्र, आलं तरी समुद्र. मोठी वहिनी एकदा मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, “बाईसाहेबांनी तो समुद्र बरोबरच आणलाय वाटतं. बघा जरा कपाटामागे, ओल दिसतेय.”

मोठी वहिनी स्वतः कुठंच गेली नव्हती. जगाला सुट्टी लागली की हॉटेलवाल्यांना ड्युटी लागते. सण आला, की हॉटेल भरलं. हॉटेल भरलं, की चादरी दुप्पट. लग्नानंतरचा प्रत्येक मोठा सण तिनं त्या बिनखिडकीच्या खोलीत काढला होता. बरं, धाकट्या वहिनीनं नुसता समुद्र सांगितला असता तरी तिनं सोसलं असतं. तिला टोचायचं ते ‘आम्ही’. “आम्ही म्हणते, ऐकलंत? आम्ही! म्हणजे तुम्ही नाही. आपण कुठं जाऊन आलोय असं कधी म्हणाली का ती?” मी म्हटलं, “वहिनी, तू नव्हतीसच तर आपण कसं म्हणेल?” तर म्हणाली, “तेच तर!” आणि उशीचा अभ्रा असा झटकला की माझ्या डोळ्यांत धूळ गेली.

अशात हॉटेलात एक जागा निघाली. मजल्यावरच्या सुपरवायझरची. तळघरातून एकदम वर, खिडक्यांत; अंगात काळा कोट, हातात किल्ल्यांचा जुडगा. पण मोठ्या वहिनीला कोटाचं काही नव्हतं. त्या जागेला सणाच्या दिवशी सुट्टी होती. सगळ्या जगाबरोबर, त्याच दिवशी, घरी! अट एकच. वरच्या पाहुण्यांशी बोलावं लागणार, म्हणून इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची. हाउसकीपिंगच्या मॅडमनी लिनन रूममधून दोन नावं पाठवली आणि सांगून टाकलं, “जिला जास्त गुण, तिची जागा.”

दोन नावं कुणाची, ते सांगायला नकोच.

हॉटेलनंच एक इंग्रजीचे सर लावून दिले. ड्युटी संपल्यावर कॅन्टीनच्या टेबलावर शिकवणी. सर तरुण, बारीक आणि घाबरट. पहिल्याच आठवड्यात मोठ्या वहिनीनं त्यांना घाम फोडला. सरांनी फळ्यावर लिहिलं, वी म्हणजे आम्ही.

“आणि आपण?” वहिनीनं विचारलं.

“तेही वीच.”

“असं कसं? मी म्हटलं, आम्ही जेवायला चाललो, तर तुम्ही उपाशी. मी म्हटलं, आपण जेवायला चाललो, तर तुम्ही ताटावर. मोठा फरक आहे सर!”

“इंग्रजीत तो संदर्भावरून कळतो.”

“म्हणजे संदर्भ कळेपर्यंत माणूस दारातच उभा?”

सरांनी फळा पुसला. दुसऱ्या दिवशी नाती निघाली. सर म्हणाले, नणंद म्हणजे सिस्टर-इन-लॉ. वहिनी म्हणजे सिस्टर-इन-लॉ. मेहुणी म्हणजेसुद्धा तीच. मोठ्या वहिनीनं शेजारी वाकून पाहिलं आणि विचारलं, “आणि जाऊ?”

“जाऊसुद्धा सिस्टर-इन-लॉच.”

“घ्या!” वहिनी म्हणाली. “एवढी चार चार माणसं, आणि एकाच खुंटीला टांगून मोकळे. मग ते लोक भांडतात कुणाशी?”

धाकटी वहिनी खो खो हसली. मोठ्या वहिनीलाही हसू आलं होतं, पण धाकटी आधी हसली म्हणून तिनं ते गिळलं.

परीक्षेत सुट्ट्या आणि सण यांवर हमखास विचारतात, असं सरांनी बजावलं होतं. तुम्ही सुट्टीत काय केलं, कुठं गेलात, कुणाबरोबर, कसं वाटलं. धाकट्या वहिनीला काय, समुद्र तयारच होता. नुसता इंग्रजीत ओतायचा. मोठ्या वहिनीपुढं प्रश्न पडला. सरांनी धीर दिला, “मॅडम, खरंच गेलेलं असायला पाहिजे असं नाही. परीक्षक भाषा तपासतात, तिकीट नाही.”

हे घरी येऊन सांगताना वहिनीच्या डोळ्यांत मला काहीतरी चमकताना दिसलं. रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, “मी बर्फ घेतला.”

“काय घेतलंस?” मोठा दादा घाबरून म्हणाला. त्याला वाटलं, फ्रिज बिघडला.

“सुट्टीला हो. आपण बर्फाच्या डोंगरात गेलो होतो.”

“मी पण होतो?”

“तुम्ही घसरून पडलात.”

तिथून पुढे आमच्या दोन खोल्यांत जी चढाओढ लागली, ती मी जन्मात विसरणार नाही. आतल्या खोलीत धाकटी वहिनी घोकायची, “वी सॉ अ बोट.” बाहेरच्या खोलीतून इस्त्रीवरून मोठी वहिनी, “वी सॉ अ रोपवे.” समुद्रात नाव आली की डोंगरावर पाळणा चढला. धाकटीनं शिंपले वेचले, तर मोठीनं बर्फाचा माणूस केला आणि त्याला दादाची टोपी घातली. धाकटीच्या समुद्रावर सूर्य मावळला, त्या संध्याकाळी वहिनीनं मला विचारलं, “भावजी, बर्फात सूर्य कुठून काढता येईल?” मी म्हटलं, “ढगातून काढ.” तिनं काढला. धाकटीपेक्षा दोन वाक्यांनी मोठा काढला. न पाहिलेला तो डोंगर शेवटी इतका खरा झाला की दादाच एकदा गुडघा चोळत म्हणाला, “तेव्हा पडलो ना, त्याचंच हे दुखणं.”

एक गोष्ट मात्र होती. धाकटी वहिनी चुकायची, अडखळायची, हसायची आणि पुढे जायची. मोठी वहिनी पाठ केलेलं घडाघडा म्हणायची, पण मध्येच कुणी प्रश्न विचारला की बर्फाच्या माणसाइतकीच गार. सरांनी एकदा सहज विचारलं, “वॉज इट कोल्ड?” वहिनी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाली. हे धाकटीनं पाहिलं होतं, आणि धाकटीनं पाहिलं हे मोठीनं पाहिलं होतं. त्या रात्री वहिनीनं खिडकीचे पडदेसुद्धा घडी घालून ठेवले.

परीक्षेच्या दिवशी मी दुकानातून अर्धी रजा काढून दोघींबरोबर गेलो. दोघींना दोन बाजूंना घेऊन चालत होतो. केंद्र म्हणजे एका इमारतीचा पहिला मजला. लांबलचक व्हरांडा, त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर ओठ हलवणारी माणसं. देवळात पण इतके ओठ हलत नसतील. तेवढ्यात एक कारकून दारातून डोकावला आणि त्यानं दोघींचे नंबर एकदम पुकारले.

“एकदम कसे?” मोठी वहिनी म्हणाली.

“जोडीनं असते परीक्षा. दोन उमेदवार एकमेकांशी बोलतात, परीक्षक ऐकतात. सरांनी सांगितलं नाही?”

सरांनी सांगितलं असणार. पण त्या दिवशी बहुधा समुद्रावर नाव आलेली असावी.

“दुसरी जोडी देता येईल का?” वहिनीनं विचारलं.

“का? ह्या तुमच्या कोण?”

वहिनी हातातल्या नंबराच्या कागदाची घडी घालू लागली. धाकटी म्हणाली, “चला वहिनी, ते वाट बघताहेत,” आणि दोघी आत गेल्या. दार लाकडी, वर काचेची पट्टी, आणि पट्टीचा कोपरा फुटलेला. माझी खुर्ची नेमकी त्याखाली होती. जे मला ऐकू आलं नाही ते मला पुढे दोघींनी, वेगवेगळं आणि एकमेकींना खोडून काढत, सांगितलं.

आत दोन परीक्षक बाई होत्या. एक प्रश्न विचारणारी, पिकल्या केसांची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दुसरी कोपऱ्यात बसून नुसते गुण देणारी. सुरुवातीची नाव-गाव-काम यांची उजळणी बरी झाली. मग पिकल्या केसांच्या बाईंनी विषय सांगितला. एखादी सुट्टी किंवा सण, जो ठरवल्याप्रमाणे पार पडलाच नाही, त्याविषयी दोघींनी एकमेकींशी बोलायचं.

मोठ्या वहिनीचा डोंगर जागच्या जागी वितळला. तिच्या बर्फात सगळं ठरवल्याप्रमाणे झालं होतं. दादासुद्धा ठरवल्याप्रमाणेच पडला होता. ती शेजारी बघते, तर धाकटीनं बोलायला सुरुवात केलेली.

“लास्ट इयर, ऑन बिग फेस्टिव्हल, वी…”

वी! आलाच समुद्र. वहिनीचा जीव जळू लागला. परीक्षेतसुद्धा ही बाई नवऱ्याला घेऊन बसली!

“वी हॅड नो वॉटर.”

समुद्रावर पाणी नव्हतं? वहिनीनं कान टवकारले.

“नो हॉट वॉटर. नो स्टीम. ऑल मशीन्स स्टॉप. वी सीट अँड सीट.”

समुद्रावर मशिनं कुठून आली, हे वहिनीला कळेना. पिकल्या केसांच्या बाईंनाही कळलं नसावं. त्यांनी विचारलं, “हू इज वी? यू अँड युअर हजबंड?”

“नो, नो. माय सिस्टर-इन-लॉ.”

“युअर हजबंड्स सिस्टर?”

“नो.”

“युअर ब्रदर्स वाइफ?”

“नो.” धाकटीचं इंग्रजी संपलं. चार माणसांची ती एकच खुंटी तिच्या आड आली होती. मग तिनं शेजारी हात घातला, मोठ्या वहिनीचं मनगट धरलं आणि कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा उचलतात तसा तिचा हात वर उचलला. “धिस,” ती म्हणाली. “धिस वन.”

मोठी वहिनी मला नंतर म्हणाली, “भावजी, तिनं सोडला तरी माझा हात वरच राहिला हो. तिच्या ‘आम्ही’त मी कधी नव्हते. आणि ह्या ‘वी’त मी पहिल्यापासून होते, आणि मलाच पत्ता नाही.”

तो दिवस असा होता. सणाचा दिवस, हॉटेल ओसंडून वाहतंय, आणि भर दुपारी बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला सणाला घरी गेलेला. मॅडम पाहुण्यांची समजूत काढायला वर पळाल्या आणि पळताना ओरडून गेल्या, “तुम्ही दोघी जागा सोडायची नाही!” मशिनं थंड, पाइप थंड. वहिनीच्या नोकरीत पहिल्यांदाच त्या खोलीत काही म्हणता काही काम नव्हतं. घरी आल्यावर तिनं आम्हाला एवढंच सांगितलं होतं, “आज बॉयलर गेला, दिवस फुकट.”

आता धाकटी तो फुकट गेलेला दिवस परीक्षकांना सांगत होती. मोडकंतोडकं, पण थांबत नव्हती. मोठी वहिनी डोळे पुसण्याच्या बेताला आली होती. एवढ्यात धाकटी म्हणाली, “देन आय टोल्ड माय सिस्टर-इन-लॉ, कम, टुडे वी विल बी गेस्ट. वी वोअर बाथरोब. आय रँग द बेल…”

“नो!” मोठी वहिनी म्हणाली.

कोपऱ्यातल्या बाईंची पेन्सिल थांबली.

“नो! आय टोल्ड! माय आयडिया! आय रँग द बेल!” डोळ्यांतलं पाणी जागीच आटलं आणि तोंडात इंग्रजी आलं. “शी वॉज क्रायिंग. आय टोल्ड, डोन्ट क्राय, वेअर धिस, यू आर गेस्ट, आय ॲम सर्व्हंट, व्हॉट यू वाँट मॅडम?”

“आय वॉज नॉट क्रायिंग!”

“यू वॉज! इन अ टॉवेल! बिग साइज!”

“लिटल क्रायिंग. बिकॉज एव्हरीबडी गो टू मदर्स हाउस अँड आय कॅननॉट गो.”

“सो हू मेड यू लाफ? मी! अँड यू आस्क, ब्रिंग मी टी, ब्रिंग मी सी!”

“आय सेड सी?”

“ऑलवेज यू से सी! मॉर्निंग सी, नाइट सी! आय नेव्हर सॉ सी. आय हॅव वन डे, वन गुड डे, अँड टुडे यू टेक माय डे ऑल्सो!”

इथं मी खुर्चीवरून उठलो. फुटक्या काचेतून मला मोठ्या वहिनीचा चेहरा दिसत होता, कानापर्यंत लाल. धाकटीनं तिचा सगळा समुद्र ऐकून घेतला. मग तीही चिडली.

“यू नेव्हर टोल्ड दॅट डे! नॉट टू हजबंड, नॉट टू भावजी, नोबडी! यू सेड, डे वेस्ट! सो आय टोल्ड. व्हाय यू आर अँग्री?”

“बिकॉज यू टोल्ड राँग!”

“देन यू टेल!”

आणि मोठ्या वहिनीनं सांगितलं. धाकटीनं मालकिणीसारखी मान वाकडी करून ‘धिस टॉवेल इज नॉट सॉफ्ट’ अशी तक्रार कशी केली. स्वतः कमरेत वाकून ‘सॉरी मॅडम, व्हेरी सॉरी मॅडम’ म्हणता म्हणता चादरींच्या ढिगात कशी पडली. आणि नंतर दोघी तिथंच, पाय पसरून, पाहुण्यांच्या रजयांवर कशा झोपून गेल्या. पुस्तकात नसलेलं व्याकरण, पण एकही आवंढा नाही. शेवटी नोकरीची आठवण झाली तेव्हा ती घाबरून परीक्षकांकडे वळली, “मॅडम, बाथरोब वी वॉश आफ्टर. टू टाइम्स.”

पिकल्या केसांच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. “थँक यू,” त्या म्हणाल्या, “दॅट इज ऑल.”

“बट माय स्नो?” वहिनीनं विचारलं.

बाहेर आल्यावर मी पुन्हा दोघींच्या मध्ये. घरी येताना मोठी वहिनी मला म्हणाली, “एवढा डोंगर रचला, सगळा पाण्यात. हिनं मला भांडायला लावलं. आता बसा तळघरात.” आणि धाकटी दुसऱ्या बाजूनं म्हणाली, “ह्यांनी मला परीक्षकांपुढं रडकी ठरवलं. दोघींचंही बुडवलं.”

निकाल लागला तेव्हा दोघी पास होत्या. उच्चारांत धाकटीला जास्त. पण समोरच्याशी संवाद साधणं, मुद्दा पुढे नेणं, दुसऱ्याचं म्हणणं ऐकून त्याला उत्तर देणं, यांत मोठ्या वहिनीला इतके गुण मिळाले होते की जागा तिची झाली. “म्हणजे भांडणात पहिली आलीस,” मोठा दादा म्हणाला. वहिनी म्हणाली, “उच्चारांत कमी का दिले पण?”

आणि मग आमच्या घरात कधी न झालेली गोष्ट झाली. धाकटी वहिनी गप्प झाली. समुद्र आटला. पाणी आलं, गेलं, वारा सुटला, आमटी खारट झाली. ती एक शब्द बोलली नाही. काळा कोट खुंटीवर दिसला की मान फिरवायची. एकदा तो पडला होता, तर तिनं तो उचलला नाही, वळसा घालून गेली. मोठ्या वहिनीनं हे सगळं अगदी नीट पाहिलं. आपल्यावर कुणीतरी जळतंय, हे सुख तिच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं. तिला इतकं बरं वाटलं की तिनं स्वतः उठून धाकटीला चहा करून दिला. धाकटीनं तो घेतला आणि म्हणाली, “वरच्या मजल्यावरचा चहा का हा?” त्यावर दोघी मोठ्यांदा भांडल्या आणि घर पूर्ववत झालं.

तर मग मोठा सण आला. वहिनीची पहिली सुट्टी.

दादाला त्या दिवशी कुठल्यातरी इमारतीची लिफ्ट अडकल्याचा फोन आला, तो गेला. मधल्या दादाची बस. धाकटी वहिनी सकाळीच डबा घेऊन कामावर. घरात मोठी वहिनी आणि मी. तिनं चांगले कपडे घातले, केस नीट विंचरले आणि खुर्ची खिडकीपाशी नेऊन बसली. खाली रस्त्यावर माणसं नटूनथटून चाललेली, दुकानं बंद, पोरांचा गलका. “बरं वाटतं ना?” मी विचारलं. “फार बरं वाटतं,” ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, “बरं वाटतं हो.” मग उठून दार पुसलं. मग खुर्ची पुसली. मग म्हणाली, “आत्ता तिकडं चादरी येऊन पडल्या असतील. एकटी आहे ती. नवीन बाई दिलीय हाताखाली, तिला काय कळणार?”

जेवणं झाल्यावर तिनं लिनन रूममध्ये फोन लावला. बराच वेळ कुणी उचलेना. उचलला तेव्हा फोनमधून आधी हसण्याचाच आवाज आला, मलासुद्धा ऐकू येईल इतका.

“कोण हसतंय गं?”

“काही नाही वहिनी. ही नवीन बाई ना, हिनं आत्ता उशीचा अभ्रा घेऊन… जाऊ द्या. तुम्हाला फोनवर नाही कळायचं. इथं असायला पाहिजे होतं.”

वहिनीनं फोन ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती. ती आत गेली, बाहेर आली, पायात चपला सरकवल्या.

“भावजी, चला.”

“कुठं?”

“फिरायला. सुट्टी आहे ना मला?”

फिरायला म्हणून आम्ही सरळ हॉटेलच्या मागच्या दारात जाऊन उभे राहिलो. वॉचमन उठून उभा राहिला. “मॅडम, आज तर तुमची रजा.”

“म्हणून तर आलेय.”

जिने उतरून खाली गेलो. मी ती खोली पहिल्यांदाच पाहत होतो. मधोमध धाकटी वहिनी एका अजस्र चादरीशी झटत होती. ती चादर एका माणसाच्या आवाक्यातली नव्हे, आणि नवीन बाई, दंडानं डोळे पुसत, हसून हसून भिंतीला टेकलेली. वहिनीला दारात पाहून दोघींचं हसू थांबलं.

“ही काय घडी चाललीय?” मोठी वहिनी म्हणाली.

“वहिनी! तुमची सुट्टी ना आज?”

“टोक दे इकडं.”

धाकटीनं एक टोक फेकलं, वहिनीनं झेललं. दोघी मागं सरकल्या, चादर ताणली, एक झटका दिला, पुढं आल्या, कोपऱ्याला कोपरा लावला, पुन्हा मागं. पुढं आल्या की हळूच काहीतरी कुजबुज व्हायची आणि मागं जाताना धाकटीचे खांदे हलायचे. दुसरी चादर घेतली, तिसरी घेतली. धाकटी आता उघड उघड हसत होती, आणि वहिनी ओठ घट्ट मिटून तिला आणखी हसवत होती.

नवीन बाई बाजूला उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग जराशा घुश्शातच म्हणाली, “अहो मॅडम, मघापासून ह्यांना मीच हसवत होते.”

“उद्यापासून हसव,” चादरीवरची नजर न काढता मोठी वहिनी म्हणाली. “आज माझी सुट्टी आहे.”